कचऱ्याच्या फोटोवरून ग्रुपवर झालेलं बोलणं (आमची सोसायटी, सांगली)

सेक्रेटरी काका: हा फोटो बघा, आज सकाळची गेटजवळची अवस्था. ओला सुका वेगळा करा म्हणून सांगून सांगून थकलो, कोणीच करत नाही. शिकल्यासवरल्या लोकांची सोसायटी ना ही??

ए-१०४: हो ना काका, लाज आणली

बी-३०२ ताई: काका, रोज सकाळी खाली तुम्हीच उभे असता, तुमचा संताप कळतो. पण माझं दिवसभराचं कामच हे, लोकांपर्यंत गोष्ट पोचवायची कशी ते, म्हणून बोलते. "कोणीच करत नाही" असं ग्रुपवर पडलं की जो इमानदारीत करत होता तोही म्हणतो मग मीच कशाला करू. अमेरिकेत ॲरिझोनात पेट्रिफाइड फॉरेस्ट आहे, लाकडाचे दगड झालेलं जुनं जंगल, लोक तिथले तुकडे खिशात घालून न्यायचे. रॉबर्ट चाल्डिनी या मानसशास्त्रज्ञानं पाट्या बदलून बघितल्या. "आधी आलेल्या बऱ्याच जणांनी लाकूड नेलं, त्यानं जंगलाची वाट लागली" अशी पाटी होती तिथं खूण करून ठेवलेले जवळजवळ ८ टक्के तुकडे गेले, आणि नुसतं "कृपया नेऊ नका" होतं तिथं २ टक्क्यांच्या आत.

सी-२०१ दादा: ताई पण गोड बोलून होतंय का सांगा. ५ जूनला, पर्यावरण दिनाला, सगळ्यांचे डीपी हिरवे, "वसुंधरा वाचवा" फॉरवर्ड, आणि संध्याकाळी कॅरीबॅग मागच्या नाल्यात

बी-३०२ ताई: गोड बोला म्हणतच नाही मी, नेमकं बोला म्हणतीय. कृष्णेला पूर आला तेव्हाचा आपलाच ग्रुप आठवा की, नदीवरच्या पुलापाशी पाणी किती फुटांवर आलं ते यायचं. "आयर्विन पूल, सकाळी ८, ३९ फूट, पाणी वाढतंय" एवढाच मेसेज असायचा, ना फुलं ना सुविचार, आणि तेवढ्यावर अख्खी सोसायटी हलायची, कोण गाड्या उंचावर नेऊन लावतंय, कोण फ्रीज टेबलावर चढवतंय, कोण तळमजल्यावरच्या आज्जींना वर आणतंय. ४० ला इशारा आणि ४५ ला धोका हे आपल्या पोरांना पण पाठ आहे. २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा सगळ्यांची नजर त्या एका आकड्यावर होती. त्यात जागा होती, वेळ होती, आकडा होता आणि आता आपण काय करायचं ते वाचणाऱ्याला आपोआप कळत होतं. वसुंधरा वाचवा मधे यातलं काय आहे?

ए-००२ आज्जी: ते गाडीवाले सगळं एकातच टाकतात म्हणं मग आपण कशाला तरास घ्यायचा

बी-१०३ वहिनी: नाही हो आज्जी, मी परवा घंटागाडी आली तेव्हा मुद्दाम थांबून बघितलं. गाडीला मधे पार्टिशन आहे. पण आपल्या पिशव्या काळ्या, वर घट्ट गाठ, आत काय आहे ते गाडीवरच्या कचरा घेणाऱ्या ताईंना कळणार कसं. त्यांनी एक पिशवी फोडली तर आमटीभातात वापरलेलं ब्लेड. बोटाला लागता लागता राहिलं. मला तर त्यांच्याकडं बघवेना.

ए-१०४: बापरे

बी-१०३ वहिनी: म्हणून म्हणते ओलं पिशवीत बांधायचंच नाही. बादलीच्या तळाला जुना पेपर घालायचा आणि बादली नेऊन थेट गाडीत ओतायची, पिशवीचा विषयच संपला

सी-२०१ दादा: मग त्या बायोडिग्रेडेबल पिशव्या मागवू का सगळ्यांना मिळून? लिंक टाकतो

बी-३०२ ताई: थांब जरा, बघितली लिंक. हिरवं पान छापलंय आणि "इको फ्रेंडली" लिहिलंय, बास, कशामुळं ते कुठंच नाही. असली पानं कशी छापली जातात ते मी रोज जवळनं बघते. ऑक्टोबर २०२४ मधे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं याच्यासाठीच मार्गदर्शक सूचना काढल्यात, पर्यावरणपूरक म्हणायचं तर पुरावा दाखवायचा. आणि वहिनी म्हणतात तसं बादली थेट ओतली तर पिशवी लागतीय कशाला.

सी-३०४ सर: मोठमोठे कारखाने धूर सोडणार आणि आम्ही दुधाच्या पिशव्या धुवत बसायचं. स्वतःचा कार्बन फूटप्रिंट, म्हणजे आपल्यामुळं हवेत किती कार्बन जातो ते, मोजा हे घरोघरी पोचवलं तेच मुळात बीपी या तेल कंपनीच्या जाहिरातींनी, २००० नंतर.

बी-३०२ ताई: सर, अगदी बरोबर, आणि आमच्या धंद्यातली मला सगळ्यात खटकणारी गोष्ट तीच, जबाबदारी अलगद गिऱ्हाइकाच्या गळ्यात घातली. त्यांना जाब विचारायलाच पाहिजे, पोस्ट लिहायला मी तुमच्याबरोबर बसते. पण पावसाळ्यात मागचा नाला तुंबतो तो आपल्याच पिशव्यांनी, आणि पाणी तळमजल्यात शिरतं ते आज्जींच्या घरात. दोन्ही करायचं सर.

सी-३०४ सर: हं. हे मान्य.

सेक्रेटरी काका: बरं मग मी उद्यापासून काय लिहू ते तरी सांग

बी-३०२ ताई: असं लिहा काका. "आज सकाळी ८, बी विंग. ओल्याची बादली एकदम स्वच्छ. सुक्यात दोन दुधाच्या पिशव्या न धुता आल्यात, विसळून टाका, कोपरा कापताना तुकडा पिशवीलाच राहू द्या." फ्लॅट नंबर नको, फोटो नको. आणि चांगलं दिसलं तर ते आधी लिहायचं, कारण तेच वाचून शेजारचा करतो.

सेक्रेटरी काका: फोटो डिलीट केला. उद्या ए विंगपासून सुरू करतो.

ए-००२ आज्जी: शेंगांची टरफलं कशात टाकायची

बी-१०३ वहिनी: ओल्यात आज्जी, नाहीतर माझ्याकडं पाठवा, टेरेसवरच्या कुंड्यांना घालते

सी-२०१ दादा: ब्लेड आणि फुटक्या काचेसाठी आमच्याकडं तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा आहे, संध्याकाळी गेटवर आणून ठेवतो, वर मोठ्या अक्षरात लिहून