मदत हवी आहे : रक्त परत सुरू झाल्यावरही मेंदूच्या पेशी मरतात का?

नमस्कार. आम्ही निपाणीचे. गेल्या महिन्यात अप्पांना (वय ७१) बेळगावच्या एका दवाखान्यात नेलं आणि कॅज्युअल्टीतच त्यांचं हृदय थांबलं. डॉक्टरांनी छाती दाबून, शॉक देऊन सात-आठ मिनिटांत परत आणलं. दोन दिवस व्हेंटिलेटर. पहिल्या दिवशीचा सीटी स्कॅन चांगला होता. शुद्धीवर आल्यावर सगळ्यांना ओळखलं.

आता सारखं विचारतात, “गेटला कुलूप लावलंस काय?” लावलं म्हटलं की मान डोलावतात, आणि कपातला चहा संपायच्या आत परत तेच. उलट १९८१ च्या तंबाखू आंदोलनात हायवेवर आपल्या शेजारी कोण बसलं होतं, भाकरी कुणाच्या घरची आली होती, सगळं तोंडपाठ. आठव्या दिवशीच्या एमआरआयमध्ये दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसला (मेंदूतला आठवणींशी संबंधित भाग) इजा दिसली.

भाऊ म्हणतो, आधी स्कॅन चांगला होता म्हणजे नंतर वॉर्डात काहीतरी चुकलं. मला ते पटत नाही, पण त्याला काय सांगू? दुसरं, स्मरणशक्तीची चाचणी कानडीत घेतली. अप्पांचं कानडी बाजारापुरतं. त्यानं फरक पडतो का?

प्रतिसाद

दादा, मी मेंदूविज्ञान शिकते, माहेर चिकोडीचं. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर हो, मरतात, आणि काही पेशी दोन-चार दिवसांनी मरतात.

रक्त थांबलं की काही मिनिटांत पेशीची ऊर्जा संपते. क्षार आत-बाहेर करणारे पंप बंद पडतात, ग्लुटामेट नावाचं रसायन बाहेर सांडतं आणि त्यामुळे शेजारच्या पेशींत कॅल्शियम बेसुमार शिरतं. रक्त परत आलं की पेशी सावरल्यासारखी दिसते. पण तिची ऊर्जा तयार करणारी मायटोकॉन्ड्रिया दुखावलेली असतात, त्यात परतलेल्या ऑक्सिजनमधूनही घातक कण तयार होतात. तिथून पेशी हळूहळू आतून संपत जाते. हिप्पोकॅम्पसमधला सीए-१ हा भाग याला सगळ्यात नाजूक. जपानच्या ताकाआकी किरिनो यांनी १९८२ मध्ये जर्बिल या उंदरासारख्या प्राण्याच्या मेंदूचं रक्त फक्त ५ मिनिटं अडवलं होतं. पहिल्या दिवशी तिथल्या पेशी जवळपास ठीक दिसल्या, चौथ्या दिवसापर्यंत बहुतेक मेल्या.

नवी आठवण पक्की करायला हिप्पोकॅम्पस लागतो. जुन्या आठवणी मेंदूत इतरत्रही पसरलेल्या असतात. म्हणून आंदोलन आठवतं, कुलूप नाही. वॉर्डात काहीच चुकलं नाही असं मी इथून छातीठोक सांगू शकत नाही, पण आधीचा स्कॅन चांगला एवढ्यावरून चूक ठरत नाही. पहिल्या दिवशीच्या सीटीत ही इजा बऱ्याचदा दिसतच नाही.

चाचणी मराठीतच मागा. परक्या भाषेतले शब्द लक्षात ठेवताना चांगला माणूसही अडखळतो, मग दोष भाषेचा की मेंदूचा कसं कळणार?

धागाकर्ता

ताई, फार आधार वाटला. हे भावाला वाचून दाखवतो. मराठी चाचणीसाठी गुरुवारी बोलावलंय. घरी आम्ही “सांगा बघू, सकाळी काय खाल्लं?” असं विचारतो. ते चालेल?

प्रतिसाद

तसं नको. आठवलं नाही की माणूस अंदाजानं काहीतरी बोलतो आणि तेच चुकीचं उत्तर डोक्यात बसतं. त्यापेक्षा आपणच सांगावं, “अप्पा, सकाळी उप्पीट खाल्लंत.” उशाशी एक वही ठेवा. कुलूप लावलं की त्यांच्याच हातानं वेळ घालून लिहून घ्या, आणि परत विचारलं की वही पुढं करा.