मदत हवी आहे: रेव्ह. वाइल्डर यांची कोल्हापूरकडची कागदपत्रं

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात १८५२ साली मिशनचं काम सुरू करणाऱ्या रेव्ह. रॉयल गूल्ड वाइल्डर यांच्यावर सविस्तर चरित्रलेख लिहितेय. मूळ मिशन बोर्डाने काम थांबवल्यावरही हा माणूस स्वतःच्या जिवावर कोल्हापूरला परत आला. १८७० मध्ये अमेरिकन प्रेस्बिटेरियन बोर्डाने ते काम आपल्याकडे घेतलं. ही मधली वर्षं मला सगळ्यात महत्त्वाची वाटतात, आणि नेमकी तिथेच कागदांची वानवा आहे.

मुलगा रॉबर्ट कोल्हापुरातच, १८६३ ला जन्मला. त्याची कागदपत्रं येल विद्यापीठाच्या डिव्हिनिटी ग्रंथालयात नीट जपलेली आहेत. पण मला हवी आहे इकडची बाजू: शाळेतल्या मुलांची नावं, पंतोजींचे पगार, चर्चची जुनी रजिस्टरं, मराठी पत्रं.

एका ओळखीच्या घरातून जुनी वही मिळाली आहे. कडा कसरीने खाल्ल्यात, शाई पाठीमागे फुटलीय, अर्धा मजकूर मोडीत. उघडताना पानाचे तुकडे हातात येतात, म्हणून आता ती उघडतच नाही.

तर, मोडी वाचणारं कुणी कोल्हापूर-सांगलीकडे आहे का? अशी वही लॅमिनेशन न करता कुठे दुरुस्त करून मिळेल? (लॅमिनेशन करा असं कृपया सुचवू नका, कागद कायमचा जातो.) आणि येलकडून घरबसल्या स्कॅन मागवले असतील कुणी, तर अर्ज कसा केला, खर्च किती आला, तेही सांगा. कुणाच्या घरी जुन्या मिशन शाळेचे दाखले असतील तर फोटो पुरेसा आहे, मूळ कागद घरीच राहू दे.