शनिवारी रात्री फोन कोणाला करायचा होता

सचिव (अ-४०१), रविवार, सकाळी ९:१०
सर्व सभासदांना नमस्कार. काल रात्री साडेअकराच्या सुमारास आपल्या गेटवर काय घडले याच्या तीन-चार वेगवेगळ्या कहाण्या सकाळपासून फिरत आहेत, म्हणून मी स्वतः जे पाहिले तेवढेच लिहितो. गगनबावडा रस्त्यावरून परतलेल्या आपल्याच एका सभासदांची गाडी गेट पूर्ण उघडण्याआधीच आत शिरली आणि डाव्या खांबावर आदळली. गेट ढकलत असलेल्या वॉचमन मामांचा पाय गेट आणि खांब यांच्यामध्ये सापडला. सभासद दारूच्या नशेत होते. त्यांना गाडीतून धड उतरताही येत नव्हते. १०८ ची रुग्णवाहिका बोलावून मामांना कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात दाखल केले आहे. त्यांच्या उजव्या घोट्याचे हाड मोडले आहे. या घटनेच्या दहाच मिनिटे आधी ब विंगमधील एक कुटुंब लग्नाहून परतून, झोपलेल्या दोन लहान मुलांना कडेवर घेऊन, त्याच गेटमधून चालत आत गेले होते, हे मी रात्रभर विसरू शकलो नाही.
ब-२०५ यांनी ग्रुपवर टाकलेले सीसीटीव्हीचे चित्रण त्यांनी कृपया काढून टाकावे आणि कोणीही ते पुढे पाठवू नये. त्यात एका जखमी माणसाचा आक्रोश आहे, आणि धावत खाली आलेला एक शाळकरी मुलगाही दिसतो.

ब-२०५, ९:२२
चित्रण काढून टाकले आहे. मी ते रागाच्या भरात टाकले होते. मामा माझ्या वडिलांच्या वयाचे आहेत.

ब-१०३, ९:४०
झाले ते वाईट झाले, याबद्दल दुमत नाही. मात्र माझे स्पष्ट मत आहे की हा विषय ग्रुपवर आणि पोलिसांपर्यंत नेऊ नये. संबंधित सभासद मामांच्या उपचारांचा आणि खांबाचा सगळा खर्च देतील, तेवढी समज त्यांना आहे. कोणाच्या घरातील अडचण चव्हाट्यावर आणल्याने त्या घराचे नाव जाईल आणि सोसायटीचेही जाईल. इतकी वर्षे आपण सगळे मिळून-मिसळून राहतो, तेव्हा चार मोठ्या माणसांनी बसून हे मिटवावे.

क-२०२, १०:०५
मी पोलीस खात्यातून निवृत्त झालो आहे, म्हणून कायद्याची बाजू सांगणे माझे कर्तव्य समजतो. काका, तुमची भावना मी जाणतो. परंतु हे मिटवणे आता आपल्या हातात राहिलेले नाही. अपघाताची जखम घेऊन रुग्ण दाखल झाला की रुग्णालय एमएलसी (पोलिसांना कळवावे लागणारे वैद्यकीय प्रकरण) म्हणून नोंद करते आणि पोलिसांना कळवते. हाड मोडणे ही कायद्याच्या भाषेत गंभीर दुखापत आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ प्रमाणे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असताना गाडी चालवणे हा गुन्हा आहे. पहिल्या वेळी ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही, आणि पुन्हा सापडल्यास २ वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. नशेत चालवलेल्या गाडीच्या नुकसानीचा दावा विमा कंपनीही नाकारू शकते. मामा कंत्राटावर काम करणारे गरीब गृहस्थ आहेत. आपण चार मोठी माणसे बसून जे मिटवू, ते त्यांच्या वतीने मिटवण्याचा अधिकार आपल्याला त्यांनी दिलेला नाही.
सचिवांना एक विनंती आहे. सीसीटीव्हीच्या डीव्हीआरवर काही दिवसांनी जुन्या चित्रणावर नवे चित्रण चढते, त्यामुळे कालचे चित्रण आजच पेन ड्राइव्हवर काढून ठेवावे आणि ते फक्त तपास अधिकाऱ्यांकडे द्यावे.
आणखी एक गोष्ट सांगतो, कारण नोकरीत ती वारंवार पाहिली आहे. सध्या गळीत हंगाम चालू आहे. गगनबावडा रस्त्यावर रात्री उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर चालतात आणि त्यांपैकी कित्येकांच्या मागे ना दिवा असतो, ना रिफ्लेक्टर. शुद्धीत असलेल्या माणसालाही ती ट्रॉली शेवटच्या क्षणी दिसते. आपले सभासद त्या रस्त्याने आपल्या गेटपर्यंत सुखरूप पोहोचले, यात त्यांचे कौशल्य काहीही नव्हते.

अ-१०४ (डॉक्टर), १०:३०
काल रात्री त्यांना शुद्धीवर आणण्यासाठी कोणी लिंबू पाणी पाजत होते आणि कोणी डोक्यावर गार पाणी ओतत होते, म्हणून लिहिते. यकृत दारूचे विघटन आपल्या ठरलेल्या गतीनेच करते. लिंबू, कॉफी किंवा अंघोळ यांनी ती गती वाढत नाही. जो अर्धवट शुद्धीत आहे त्याच्या तोंडात काहीही घालू नये, कारण ते श्वासनलिकेत जाऊ शकते. त्याला उताणे न ठेवता कुशीवर झोपवावे, म्हणजे उलटी झाली तरी गुदमरणार नाही. आणि हाक मारून, हलवूनही तो जागा होत नसेल किंवा श्वास मंद आणि अडखळत चालत असेल, तर ‘झोपू दे, उतरेल’ असे म्हणत न बसता १०८ ला फोन करावा. दारू पहिला हल्ला निर्णयशक्तीवर करते. तोल आणि बोलणे नंतर बिघडते. ‘मी व्यवस्थित आहे, मी चालवतो’ हे वाक्य नशेचाच भाग असते, आणि ते ऐकून चावी परत देणारे मित्रही अपघाताला तितकेच कारणीभूत असतात.

ब-३०४, ११:०२
विषय निघालाच आहे तर शेजारच्या मोकळ्या प्लॉटबद्दलही मला बोलू द्यावे. अंधार पडला की तिथे दुचाकी लावून दारू पिणारे बसतात, हे आपण सगळे गॅलरीतून पाहतो. माझी मुलगी अकरावीत आहे. क्लासहून येताना ती पूर्वी त्या प्लॉटच्या कडेच्या पायवाटेने पाच मिनिटांत घरी पोहोचत असे. गेल्या दिवाळीपासून ती मुख्य रस्त्याने वळसा घालून येते, आणि आठ वाजून गेले तर तिचे बाबा तिला आणायला जातात. तिला कोणी हात लावलेला नाही, कोणी अडवलेलेही नाही; त्यामुळे तक्रार करायला गेले तर ‘झाले काय?’ या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे नाही. झाले एवढेच, की तिने एक वाट सोडली. अ विंगच्या काकूंनी पहाटे फिरायला जाणे सोडले. मुलांनी तिथे क्रिकेट सोडले, कारण फुटलेल्या बाटलीच्या काचेने एकाच्या तळपायाला टाके पडले. कोणाच्याही नोंदवहीत न येता आपल्या पायाखालची जागा अशी थोडी थोडी कमी होत गेली आहे.

क-२०२, ११:१५
वहिनी, ‘काही झाले नाही’ असे समजू नका. उघड्यावर दारू पिण्यास महाराष्ट्र दारूबंदी कायद्याने मनाई आहे, आणि नशेत सार्वजनिक ठिकाणी गैरवर्तन करणाऱ्यावर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५५ खाली कारवाई होऊ शकते. त्यात २४ तासांपर्यंत साधी कैद किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड आहे, आणि समाजसेवेची शिक्षाही आहे. शिक्षा लहान आहे, परंतु ११२ वर केलेल्या प्रत्येक फोनची नोंद होते, आणि एकाच जागेवरून वारंवार नोंदी झाल्या की त्या जागेवर गस्त मागण्यास आधार मिळतो. एकदा तावातावाने केलेल्या तक्रारीपेक्षा दहा वेळा शांतपणे केलेला फोन उपयोगी पडतो. फोन करणाऱ्याने खाली उतरून वाद मात्र घालू नये.

ब-२०५, ११:२४
प्लॉटवर बसणाऱ्यांत काही माझ्या धाकट्या भावाच्या वर्गातील मुलेही आहेत. महाराष्ट्रात बिअरसाठी वयाची अट २१ आणि दारूसाठी २५ वर्षांची आहे. ही मुले विशीचीही नाहीत. त्यांना कोण आणून देतो, हेही पाहिले पाहिजे. आणि आपणही थोडे आपल्याकडे पाहू. मागच्या ३१ डिसेंबरला गच्चीवरून पार्किंगमध्ये पडलेली बाटली बाहेरच्यांची नव्हती. त्या कार्यक्रमाला परवानगी मागणाऱ्यांत मीही होतो.

सचिव (अ-४०१), ११:५०
ती परवानगी देणारा मीच होतो. पुढील वर्षापासून गच्चीवर दारू आणू दिली जाणार नाही. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने ‘द दारूचा नव्हे, द दुधाचा’ म्हणत ३१ डिसेंबरला दूधवाटपाचा उपक्रम चालवला आहे, तो दुधाच्या या जिल्ह्यात आपल्याला जड जाऊ नये. प्लॉटकडील आपल्या भिंतीवर या आठवड्यात मोठा दिवा बसवतो, आणि पथदिव्यासाठी महापालिकेला पत्र देतो.

क-३०१, दुपारी १:३५
सचिव दादा आणि सर्वांना नमस्कार. काल गाडी चालवणारे माझे पती होते. सगळ्यांना ठाऊक आहे आणि सगळ्यांनी नाव न घेता लिहिले, याबद्दल मी आभारी आहे. पण आता मलाच ते लिहिलेले बरे वाटते. सकाळी सीपीआरमध्ये जाऊन मी मामांना भेटून आले. पोलीस जी कारवाई करतील ती होऊ द्यावी. माझ्यासाठी कोणीही रदबदली करू नये.
मला एक गोष्ट सांगायची आहे. काल ते दुपारपासून पीत होते. मी गाडीची चावी लपवली होती; त्यांनी दुसरी चावी शोधली आणि साडेसातला बाहेर पडले. त्यानंतर चार तास मी फोन हातात घेऊन बसले होते. माहेरी करावा तर आई रात्रभर झोपणार नाही, पोलिसांना करावा तर उद्या तोंड कसे दाखवायचे, आणि ग्रुपवर लिहावे तर दीडशे लोक वाचणार. कोणाला फोन करावा हे मला ठरवता आले नाही. तीन वर्षे असेच चालले आहे. आमच्या घरातून आवाज येऊ लागला की शेजारी सभ्यपणाने टीव्हीचा आवाज वाढवतात आणि सकाळी लिफ्टमध्ये काहीच न घडल्यासारखे हसतात. त्यामागे चांगुलपणाच असतो, हे मला कळते. पण काल मी एका माणसाला जरी मोकळेपणाने फोन करू शकले असते आणि त्याने गेटवर सांगून ठेवले असते, तर मामा गाडीसमोर उभे राहिले नसते.
आज सकाळी ते रडत होते. उद्यापासून एक थेंबही घेणार नाही म्हणतात. त्यांना खोलीत बंद करून ठेवावे का, असा विचार मी करते आहे. माझा मुलगा काल खाली धावत आला होता. मुलांनी त्याच्याशी पूर्वीसारखेच खेळावे, एवढी विनंती आहे.

अ-१०४ (डॉक्टर), १:४४
ताई, कृपया त्यांना खोलीत बंद करू नका. रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकाएकी तोडली की हातापायांना कंप सुटतो, घाम येतो, आणि पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काही जणांना भास होतात, आपण कुठे आहोत हे कळेनासे होते. ही अवस्था जिवावर बेतू शकते. औषधे आणि बी-१ जीवनसत्त्व देऊन, लक्ष ठेवून दारू सोडवली तर हाच काळ सुरक्षितपणे पार पडतो. उद्या सकाळी त्यांना सीपीआरच्या मानसोपचार विभागात घेऊन चला, मी सोबत येते. आज रात्री कंप वाढला, फिट आली किंवा ते असंबद्ध बोलू लागले, तर वेळ न पाहता मला उठवा. केंद्र सरकारच्या २०१९ मधील राष्ट्रीय सर्वेक्षणात असे दिसले की दारूवर अवलंबून असलेल्या सुमारे ३८ जणांपैकी एकालाच कसली तरी मदत किंवा उपचार मिळतात. उरलेल्या सदतीस घरांमध्ये तुमच्यासारखेच कोणीतरी फोन हातात घेऊन बसलेले असते.

ब-१०३, २:१०
सूनबाई, सकाळचे माझे लिहिणे मी मागे घेतो. घराचे नाव राखण्याची जी काळजी मी करत होतो, तिचा सगळा भार तुमच्या एकटीवर पडत होता, हे माझ्या ध्यानात आले नाही. तुमच्या घरातून आवाज आला की टीव्ही मोठा करणाऱ्यांत आम्हीही आहोत.

सचिव (अ-४०१), ३:००
कार्यकारिणीतील चौघांशी बोलून आजपासून पुढील व्यवस्था करत आहोत. डॉक्टर ताई, क-२०२ चे काका आणि मी, अशा तिघांचे नंबर प्रत्येक घरी कागदावर दिले जातील. घरातील कोणी पिऊन गाडी घेऊन बाहेर पडले असेल, घरात मारहाण होत असेल किंवा नुसती भीती वाटत असेल, तरी यांपैकी कोणालाही कोणत्याही वेळी फोन करावा. तो विषय ग्रुपवर येणार नाही आणि सभेच्या इतिवृत्तातही नावाने लिहिला जाणार नाही. ज्यांना ओळखीच्या माणसाशी बोलणे जड वाटते त्यांच्यासाठी महिलांची १८१ आणि व्यसनमुक्तीची १४४४६ या हेल्पलाइनचे क्रमांकही त्याच कागदावर असतील. जिवाला धोका असेल तिथे मात्र आम्ही तडजोड करत बसणार नाही, थेट ११२ ला कळवू.
रात्रपाळीच्या वॉचमनसाठी वेगळी सूचना आहे. वेडीवाकडी येणारी गाडी दिसली तर गेट उघडण्यासाठी तिच्यासमोर जायचे नाही, चावी हिसकावायची नाही, वाद घालायचा नाही. केबिनमध्ये थांबून आम्हाला फोन करायचा. गेट तुटले तर दुसरे बसवता येते. मामांचा पगार ते घरी असतील तोपर्यंत चालू राहील, असे एजन्सीकडून लेखी घेत आहे. एजन्सीने नकार दिल्यास तो सोसायटी देईल.

क-१०१, ३:४०
वहिनी, आपली फारशी ओळख नाही. या इमारतीत आल्यापासून मी हे कोणाला सांगितलेले नाही, ते आज सांगतो. मी मद्यपाशातून बाहेर पडलेला माणूस आहे. नऊ वर्षांपूर्वी पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात दाखल झालो होतो, आणि आजही दर आठवड्याला अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या मीटिंगला जातो. ‘उद्यापासून एक थेंबही नाही’ हे मी शेकडो वेळा म्हटले आहे आणि प्रत्येक वेळी ते खरे मानूनच म्हटले आहे, म्हणून तुमचे पती खोटे बोलत आहेत असे मी म्हणणार नाही. पण उद्याच्या शपथेने मी सुटलो नाही. मला कोणीतरी हाताला धरून उपचारांपर्यंत नेले, आणि माझ्यामुळे झालेल्या नुकसानीपासून मला कोणी वाचवले नाही, या दोन्ही गोष्टी एकत्र झाल्या तेव्हा सुटलो. पोलीस केस होईल, ती त्यांना होऊ द्या; त्या काळात मी त्यांच्यासोबत असेन. माझ्या पत्नीनेही अशीच अनेक वर्षे काढली आहेत. तिला तुमच्याशी बोलायचे आहे. तुमची हरकत नसेल तर आम्ही दोघे आज संध्याकाळी सात वाजता येतो.

क-३०१, ३:५८
या. ते घरीच आहेत.