मदत हवी आहे: रामन राघव तपास आणि १९६८ ची मुंबई

सप्रेम नमस्कार. १९६८ साली मुंबईच्या उपनगरांत झोपड्यांत आणि पदपथांवर निजलेल्या माणसांची डोकी फोडणाऱ्या रामन राघवचा रमाकांत कुलकर्णी यांच्या नेतृत्वाखाली गुन्हे शाखेने जो शोध घेतला, त्यावर मी लेख लिहीत आहे. कबुलीआधी त्याने कोंबडीचे जेवण मागितल्याचा किस्सा सर्वांना ठाऊक आहे (नको तितका). परंतु दाक्षिणात्यांविरुद्धच्या आंदोलनाने आधीच तापलेल्या शहरात, पकडलेला माणूस तमिळभाषक असल्याचे कळल्यावर वस्त्यांमध्ये त्याचे काय पडसाद उमटले, हे मला तपासायचे आहे. त्या ऑगस्ट-सप्टेंबरमधील मराठी दैनिकांचे अंक कोणत्या ग्रंथालयात पाहता येतील? कुणाच्या घरातील वडीलधाऱ्यांना तेव्हाचे रात्रीचे पहारे आठवत असल्यास कृपया तेही कळवावे.