लाटांवरच्या विजेचं मशीन समुद्रात टिकतं का? माझं मत: अजून नाही

दर्याकिनारी: बीपीसीएलने इको वेव्ह पॉवर या इस्रायली कंपनीशी मुंबईत लाटांवरच्या विजेच्या १०० किलोवॅटच्या प्रयोगासाठी २०२५ मध्ये करार केला, तेव्हापासून जो तो म्हणतोय की ७२० किलोमीटरचा किनारा आहे आणि एवढी वीज आपण फुकट घालवतोय. मला हे पटत नाही. पोर्तुगालमध्ये अगुसादोराला २००८ च्या सप्टेंबरात पेलामिस कंपनीच्या लाटांवर वीज करणाऱ्या तीन मशीनचं उद्घाटन झालं, प्रत्येकी ७५० किलोवॅट, आणि नोव्हेंबरात ती ओढून बंदरात आणली ती परत गेलीच नाहीत. ओरेगॉनजवळ २००७ मध्ये फिनावेरा कंपनीचा बोया, म्हणजे तरंगतं वीजयंत्र, बुडाला. ऑस्ट्रेलियात पोर्ट केम्बलाला २०१० मध्ये ओशनलिंक्सचं मशीन नांगराचे दोर तुटून वाहत गेलं. तीन देश, तीन वेगळी डिझाइनं. लाटेची उंची दुप्पट झाली की तिची ताकद चौपट होते, म्हणजे कमाई करायची रोजच्या दीड मीटरच्या लाटेवर आणि बांधायचं मात्र वादळातल्या दहा मीटरसाठी, हा हिशोब बसणार कसा ते कोणीतरी सांगा.

वायुपुत्र_७: असहमत. पेलामिसचं अर्धंच सांगितलंत. बेअरिंगचा प्रॉब्लेम आला हे खरं, पण नेमकं त्याच वेळी मंदीत बॅबकॉक अँड ब्राऊन ही त्यांच्यात पैसा घातलेली मोठी कंपनी बुडीत निघाली, मग दुरुस्ती करून परत सोडायला पैसा आणणार कोण? तो दोष समुद्राच्या माथी का मारायचा? आणि त्याच अगुसादोराला कॉरपॉवरचा बोया २०२३ च्या नोव्हेंबरातल्या वादळात साडेअठरा मीटरच्या लाटांत टिकला, कारण लाटा फार मोठ्या झाल्या की तो त्यांच्याबरोबर नाचायचं सोडून देतो, ताण अंगावर घेतच नाही. पवनचक्क्यांना सुधारायला किती दशकं दिली आपण, मग इथेच एवढी घाई का?

पनवेलचा_इंजिनियर: जहाजाच्या इंजिनरूममध्ये आयुष्य गेलंय म्हणून लिहितो. वादळाने मशीन मोडलं की बातमी होते, पण मशीन बंद पडतं ते बहुतेक वेळा बारीकशा गोष्टीने. फिरत्या शाफ्टभोवती पाणी अडवणाऱ्या सीलचा रबरी ओठ असतो ना, त्यावर मिठाचे कण बसतात, वाळू घासते, बाहेरून कालवं चिकटतात, आणि एक दिवस ओल आत शिरते. मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावला की जनरेटरच्या इन्सुलेशनचं रीडिंग खाली आलेलं दिसतं, की समजायचं आता फार दिवस नाहीत. जहाजावर हेच झालं तर तासाभरात माणूस तिथे हजर, शिवाय ठरल्या वेळी जहाज पाण्याबाहेर काढून दुरुस्त करायला ड्राय डॉक असतोच. पाण्याखालच्या मशीनला यातलं काहीच नाही. कॅनडात फंडीच्या आखातात ओपनहायड्रो कंपनीचं भरतीच्या प्रवाहावर चालणारं टर्बाइन २००९ च्या नोव्हेंबरात उतरवलं, काही आठवड्यांत पाती तुटली, आणि ते वर काढायला २०१० चा डिसेंबर उजाडला! उलट उत्तर आयर्लंडमधल्या सीजेन या भरतीवरच्याच मशीनचे दोन्ही रोटर खांबावरून पाण्याबाहेर उचलता यायचे. त्याचीही पाती २००८ मध्ये सुरुवातीलाच तुटली होती, तरी ते पुढे वर्षानुवर्षं चाललं. तेव्हा मी आधी एवढंच विचारतो की मशीनपर्यंत माणूस पोचतो का.

हर्णैची_पोर: दादा, हेच लिहायला आले होते. आमच्याकडे १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, होड्या वर ओढून शाकारून ठेवलेल्या, नारळी पौर्णिमेपर्यंत दर्यात कोणी सहसा जात नाही. आणि लाटा जोरात असतात त्या नेमक्या तेव्हाच, हिवाळ्यात तर पाणी बरंच शांत असतं. म्हणजे मशीन कमावणार पावसाळ्यात आणि बिघडणारही पावसाळ्यातच, मग ते सुरू करायला जाणार कोण, कुठल्या बोटीने? वर त्याचे नांगर आणि केबल आमच्या जाळ्यांच्या वाटेत आले तर फाटलेल्या जाळ्याचे पैसे कोण देणार हेही कोणी बोलत नाही.

उधाण_भांग: तुम्ही सगळे लाट आणि भरती एकाच पारड्यात टाकताय. फ्रान्समधलं ला रान्सचं भरतीवरचं वीजकेंद्र १९६६ पासून चालू आहे, २४ टर्बाइनं, २४० मेगावॅट, तेही खाऱ्या पाण्यात. धरणासारखा बांध नको असेल तर स्कॉटलंडचं मेजेन बघा, तिथल्या एका टर्बाइनने समुद्रतळाशी ६ वर्षांहून जास्त काळ काढला आणि अचानक बिघाड म्हणून एकदाही वर काढावं लागलं नाही. भरतीची वेळ आधीच छापून मिळते, लाटेचं तसं नाही.

दर्याकिनारी: ला रान्स मान्य, तिथे बांधाच्या आत उतरून माणूस थेट मशीनपाशी जातो. मेजेनची चार टर्बाइनं आहेत, बाकीची दुरुस्तीला वर काढावी लागली होतीच. आणि आपल्याकडे मेजेन आहे त्या पेंटलंड फर्थच्या सामुद्रधुनीसारखी पाण्याची ओढ आहे कुठे? वेग निम्मा झाला की वीज आठवा भाग उरते. मुंबईला उधाणाला साडेचार-पाच मीटर पाणी चढतं, पण नुसतं चढून उपयोग नाही. खंभातच्या आखातात भरती मोठी आहे, पण शेजारच्या कच्छच्या आखातातला भरतीवरचा ५० मेगावॅटचा प्रकल्प २०११ मध्ये जाहीर झाला आणि खर्च बघून बासनात गेला.

वायुपुत्र_७: मग इको वेव्हला विरोध कशासाठी? त्यांचे तरंगते भाग धक्क्याला बांधलेले असतात, हायड्रॉलिक्स आणि जनरेटर जमिनीवर, वादळ आलं की तरंगते भाग वर उचलून ठेवतात. इंजिनियरसाहेबांची अट पूर्ण होते की! स्पेनमध्ये मुत्रिकुला बंदराच्या लाटरोधक भिंतीतच १६ टर्बाइनं बसवलीत, २०११ पासून चालतायत, एक बंद पडलं तर बाकीची चालू राहतात. केरळात विझिंजमला आयआयटी मद्रासने १९९१ मध्येच १५० किलोवॅटचं केंद्र उभं केलं होतं, ते पुढे नेलं असतं तर आज आपण दुसऱ्यांकडे बघत बसलो नसतो.

पनवेलचा_इंजिनियर: पोचायची अट पूर्ण होते, हे मान्य. पण किनाऱ्याशी येईपर्यंत लाटेचा बराच जोर तळाशी घासून गेलेला असतो. मुत्रिकुची सोळाही मिळून २९६ किलोवॅट, म्हणजे पेलामिसच्या एका मशीनच्या निम्म्याहून कमी. मुंबईत प्रयोग करा, जरूर करा, फक्त जून ते सप्टेंबर मशीन किती तास चालू होतं, किती तास बंद होतं आणि कुठल्या पार्टमुळे, ते दर महिन्याला जाहीर करा.

हर्णैची_पोर: आणि तरंगते भाग वर उचललेले दिवससुद्धा बंदमध्येच धरा.