मदत हवी आहे: लाकडी पेनातली पितळी नळी सुटतेय, रविवारी पेनं द्यायची आहेत!

भुसा_आणि_शाई:
किट आणून लाकडी पेनं बनवतोय. शेवटी टोकाकडचा भाग दाबून बसवताना आतली नळी लाकडातून सरकते. कधी कधी तर लेथवरच लाकूड नळीभोवती गरगर फिरायला लागतं. ऑर्डर बहिणीच्या सासरची आहे, रविवारी साखरपुडा. कोणता गोंद ते एका ओळीत सांगा. "गूगल करा" म्हणू नका, केलंय.

लेथवाला_सांगली:
सध्या कोणता लावताय? लाकूड कुठलं? नळीला पॉलिश पेपर मारता का?

भुसा_आणि_शाई:
गोंद नेहमीचाच. लाकूड घरचंच आहे.

रंधा_ताई:
नेहमीचा म्हणजे फेविकॉल की फेविक्विक?

भुसा_आणि_शाई:
फेविक्विक. फेविकॉल आधी लावून बघितला, दुसऱ्या दिवशीही आत ओलाच.

रंधा_ताई:
ओला राहणारच. तो पाण्यावरचा गोंद. लाकूड लाकडाला चिकटवायला उत्तम, पण पितळ काही पाणी शोषत नाही आणि भोकात वाराही लागत नाही.

लेथवाला_सांगली:
अरल्डाइट घ्या. पाच मिनिटांवालं नको, साधं दोन ट्यूबचं. दोन्ही सारखं घेऊन नीट घोटा. नळीला १५० नंबरचा पेपर आडवातिडवा मारा, चकाकी पूर्ण गेली पाहिजे. मग पुसा आणि पुन्हा बोट लावू नका. नळीचं तोंड बटाट्याच्या चकतीवर दाबलं की बूच बसतं, आत गोंद शिरत नाही. नळीलाही लावा, भोकातही लावा आणि फिरवत फिरवत आत सारा. २४ तास हात लावायचा नाही.

पेनकर_पुणे:
२४ तास कशाला? मी सगळी पेनं सायनोवर, म्हणजे फेविक्विकच्या जातीच्या गोंदावर करतो, अजून एकही परत आलेलं नाही. फक्त ती पाच रुपयांची ट्यूब नको, ती पाण्यासारखी पातळ असते, भेगेत सोडायला ठीक. मध्यम किंवा जाड सायनो मागवा.

लेथवाला_सांगली:
सायनो ओलाव्यानंच घट्ट होतो. पावसाळ्यात नळी अर्धी आत जाते न जाते तोच धरतो, मग बसा बघत. शिवाय ठिसूळ. भाग दाबताना झटका बसला की सुटला. भोक जरा मोठं झालं असेल तर अरल्डाइट ती फट भरतं, पातळ सायनो भरत नाही.

पेनकर_पुणे:
भोक मोठं होतंच का? ड्रिल सावकाश चालवा, मधे मधे बाहेर काढून भुसा झटका. हत्याराला धार ठेवा, पेपर दाबून घासू नका, लाकूड तापणार नाही आणि सायनो सैल पडणार नाही. गोंदाच्या नावानं बोटं मोडण्यात अर्थ नाही.

शाईवेडा:
एबोनाइटचं, म्हणजे कडक रबराचं फाउंटन पेन असेल तर यातलं काहीही लावू नका. आतली शाईची रबरी पिशवी शेलॅकनं, म्हणजे लाखेनं चिकटवतात. उद्या बदलायची झाली तर थोडी ऊब देऊन सोडवता येते. ड्रॉपरनं शाई भरायच्या पेनाच्या आट्यांना गोंद नाही, सिलिकॉन ग्रीस.

भुसा_आणि_शाई:
माझं बॉलपेन आहे.

शाईवेडा:
असू दे, माहिती असलेली बरी.

कातारी_कोकण:
लाखेवरून आठवलं. आमच्या सावंतवाडीत लाखकाम जुनं. कर्नाटकातल्या चन्नपट्टणची खेळणीही तशीच, फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबली की घर्षणानंच वितळून बसते. पेनावर तसं पॉलिश केलंय का कुणी?

रंधा_ताई:
दादा, त्याचा वेगळा धागा काढा, मी येते. भुसा, "घरचं" म्हणजे कुठलं लाकूड?

भुसा_आणि_शाई:
परसातला साग. गेल्या महिन्यात फांदी तोडली होती.

लेथवाला_सांगली:
अहो, हे आधी सांगायचं! लाकूड ओलं आहे. सुकताना ते आकसणार, पितळ नाही आकसणार. मग एक तर तडा जाईल किंवा गोंद सोडेल, कितीही भारी असला तरी. शिवाय साग तेलकट. भोक आतून अॅसिटोननं पुसा, ते उडालं की लगेच नळी घाला.

पेनकर_पुणे:
हे मात्र मान्य.

भुसा_आणि_शाई:
रविवारपर्यंत सुकं लाकूड कुठून आणू?

रंधा_ताई:
जुन्या लाकडाच्या वखारीत जा. मोडीत काढलेल्या चौकटींचा साग वर्षानुवर्षं सुकलेला असतो. खिळे तेवढे शोधून काढा, नाहीतर ड्रिलचं पातं जाईल.

भुसा_आणि_शाई:
अरल्डाइट आणलं, वखारीत उद्या सकाळी जातो. फेविक्विक लावलेल्या एका तुकड्यात नळी अर्ध्यात अडकलीय, ती कशी काढू? किटमध्ये जादा नळ्या नाहीत.

नवा_हौशी:
रात्रभर अॅसिटोनमध्ये टाका.

पेनकर_पुणे:
आत पोचायलाच किती वेळ लागेल! सायनो उष्णतेनं सैल पडतो. सोल्डरिंगचं गरम टोक नळीत धरा आणि पकडीनं पिळत ओढा. खिडकी उघडी ठेवा, वाफेनं डोळे झोंबतात.

रंधा_ताई:
आणि सुती हातमोजे घालून सायनो हाताळू नका. कापसावर सांडला तर चटका बसण्याइतका तापतो.

नवा_हौशी:
मी अॅक्रिलिकचं पेन करतोय, त्यालाही अॅसिटोननं पुसायचं ना?

लेथवाला_सांगली:
मुळीच नाही! अॅक्रिलिक त्यानं पांढुरकं पडून तडकतं. तुमचा वेगळा धागा काढा. आणि त्यात गोंद कोणता, रॉड कुठला, हे पहिल्याच ओळीत लिहा.