फर्स्ट एडच्या ट्रेनिंगमध्ये सरांचे घाणेरडे जोक, तक्रार करू का?

क्वालिटीवाली:

नमस्कार मंडळी, जरा मोठं होईल पण पूर्ण वाचा प्लीज. मी चाकणला एका कंपनीत क्वालिटीला आहे, कंपनीचं नाव नको. आमच्याकडे नुकतंच फर्स्ट एडचं ट्रेनिंग झालं, बाहेरच्या एजन्सीचे सर आले होते, कॅन्टीनच्या वरचा हॉल, सगळ्या शिफ्टची मिळून पंचवीसेक माणसं आणि त्यात आम्ही बायका फक्त चार. सर बोलायला एकदम फर्डे, माणूस हुशार आहे यात वाद नाही. पण सीपीआर (हृदय बंद पडलं तर छाती दाबून, श्वास देऊन जीव वाचवायचा प्रकार) सुरू झाला आणि त्यांची गाडी जी घसरली ती शेवटपर्यंत. डमी टेबलावर ठेवली आणि पहिलंच वाक्य, "या बाईला आख्ख्या एमआयडीसीने हात लावलाय, तुम्ही कशाला लाजताय". तोंडाने श्वास द्यायचा भाग आला तर म्हणे "आता किसिंगचा क्लास, घरी सांगू नका". हॉल हसतोय, सरांना अजून चेव चढतोय.

हे एवढंच असतं तर मी मनातल्या मनात शिव्या देऊन सोडून दिलं असतं. पण दोन गोष्टी डोक्यातून जात नाहीयेत. एक म्हणजे एका अप्रेंटिस मुलाने अगदी सरळ मनाने विचारलं की सर, पेशंट लेडीज असेल तर हात नक्की कुठे ठेवायचे? सर म्हणाले "तुला जिथे ठेवायचेत तिथे ठेव, ती थोडीच शुद्धीवर आहे". हशा. आणि विषय तिथेच संपला, त्या प्रश्नाचं उत्तर शेवटपर्यंत मिळालंच नाही. तो मुलगा लालबुंद होऊन खाली बसला.

दुसरी गोष्ट, बेशुद्ध माणसाला कुशीवर कसं वळवायचं हे दाखवायला त्यांनी आमच्या आयटीआयच्या अप्रेंटिस पोरीला पुढे बोलावलं, ती नको नको म्हणत होती. ती चटईवर आडवी झाल्यावर हे म्हणतात "घाबरू नकोस, आज फक्त कुशीवरच वळवणार आहे". चहानंतर ती मागच्या रांगेत जाऊन बसली ती उठलीच नाही, डमीवर प्रॅक्टिस सुद्धा केली नाही. सर्टिफिकेट मात्र तिलाही मिळालं. आता लाईनवर पोरं तिला "ए डमी" म्हणून हाक मारतात.

फीडबॅक फॉर्म सरांच्या समोरच भरून घेतले, वर एम्प्लॉयी नंबर, त्यामुळे सगळ्यांनी "उत्कृष्ट" वर टिक केलं. सेफ्टी ऑफिसर म्हणतात सर मजेशीर आहेत हो, निदान क्लास झोपत तरी नाही. माणूस बाहेरचा आहे तर आपल्या कंपनीत तक्रार चालते का? आणि त्या पोरीच्या वतीने मी करू शकते का? तिला भीती आहे की अप्रेंटिसशिप जाईल.

रिटायर्ड_फोरमन:

ताई, तुमचा राग बरोबर आहे, आधीच सांगतो. पण मी बरीच वर्षं शॉपमध्ये काढलीत, सेफ्टीच्या ट्रेनिंगला माणसं नाईट शिफ्ट करून येऊन बसतात आणि पंख्याखाली दहा मिनिटात डोळे मिटतात, म्हणून ट्रेनर लोकांना असल्या गमतीची सवय लागते. हा माणूस वाईटच असेल असं नाही. एखाद्या सिनियरने त्याला बाजूला घेऊन समज दिली तर भागेल असं मला वाटतं, एकदम लेखी गेलं की त्याच्या पोटावर पाय येतो आणि इकडे सेफ्टी ऑफिसर तुमच्यावर कायमचा डूख धरतो. मात्र पोरीला पुढे बोलावून जे बोलला ते वाईटच, त्याचं समर्थन नाही.

स्टाफनर्स:

मी हॉस्पिटलात स्टाफला आणि बाहेर सोसायट्या, कॉलेजमध्ये सीपीआर शिकवते, म्हणून राहवलं नाही. फोरमन काका, क्लास झोपतो हे अगदी खरंय, पण जागं ठेवायला डमी पुरेशी असते. दोन मिनिटं नीट दाबायला लावा, मिनिटाला १०० ते १२० च्या वेगाने, छाती ५ सेंटिमीटर तरी खाली गेली पाहिजे, ६ च्या पुढे नको, आणि दर वेळी पूर्ण वर येऊ द्यायची. धडधाकट माणूस घामाघूम होतो, झोपायची काय बिशाद.

आता त्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर, जे त्याला त्या दिवशी मिळायला हवं होतं. बाई असो की पुरुष, जागा एकच. छातीच्या मधोमध जे उभं हाड असतं त्याच्या खालच्या अर्ध्या भागावर एका हाताचा तळवा टेकवायचा, दुसरा हात त्यावर, कोपरं ताठ. साडी असेल तर पदर बाजूला, ओढणी बाजूला, बाकी कपडे काढत बसायचं नाही. एईडी मशीन (हृदयाला विजेचा झटका देणारं) असेल तर पॅड उघड्या कातडीवरच लागतात, एक उजव्या बाजूला गळ्याच्या हाडाखाली, म्हणजे कॉलरबोनखाली आणि एक डाव्या काखेच्या खाली, म्हणजे ब्लाऊज किंवा कुडता कापावा लागतो, ब्रा आड येत असेल तर सरकवायची नाहीतर कापायची. मंगळसूत्र पॅडखाली येऊ द्यायचं नाही, बाजूला सारायचं, हूक शोधण्यात वेळ घालवायचा नाही. झालं, दोन मिनिटांचं उत्तर आहे आणि यात हसण्यासारखं काहीही नाही.

आणि मला सगळ्यात जास्त चीड कशाची येते सांगते. अमेरिकेत २०१७ साली हार्ट असोसिएशनच्या परिषदेत एक अभ्यास मांडला होता, सार्वजनिक ठिकाणी हृदय बंद पडलेल्या पुरुषांपैकी ४५ टक्क्यांना आजूबाजूच्या लोकांकडून सीपीआर मिळाला आणि बायकांपैकी ३९ टक्क्यांना. छातीला हात लावायचा संकोच हे त्यामागचं एक कारण असावं असं तेव्हा अभ्यास करणाऱ्यांनीही म्हटलं होतं. सीपीआर नाही मिळाला तर दर मिनिटाला वाचायची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घटते. म्हणजे क्लासचं कामच हा संकोच काढायचं आहे आणि हे सर तोच संकोच घट्ट करून गेले. उद्या तुमच्या कंपनीत एखादी बाई शॉक लागून पडली तर त्या हॉलमधला कोणता मुलगा पुढे होईल? त्याच्या कानात तो हशाच वाजेल. त्या पोरीने तर डमीला हातच लावला नाही, म्हणजे कागदावर एक फर्स्ट एडर आणि प्रत्यक्षात शून्य. मी याला ट्रेनिंग झालं असं म्हणणारच नाही.

अजून एक. आपल्याकडे सामान्य माणसाला शिकवायची जी सीओएलएस (कॉम्प्रेशन ओन्ली लाइफ सपोर्ट) पद्धत आहे, भूलतज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ मध्ये काढलेली, तिच्यात तोंडाने श्वास द्यायचा भागच नाही, फक्त छाती दाबायची. फर्स्ट एडरला ३० दाब आणि २ श्वास शिकवतात ते ठीकच आहे, पण तेही बॅरियर डिव्हाइस, म्हणजे तोंडावर ठेवायचा आडपडदा लावून, त्यात किसिंग कुठून आलं?

वर्गात पोरं हसतात हो, माझ्याही क्लासमध्ये हसतात, लाज वाटली की माणूस हसतो. शिकवणाऱ्याने ते हसू विरू द्यायचं आणि कामाला लावायचं.

लाईनलीडर:

बाकीचे कायद्याचं सांगतील, मी एकच सांगतो. ते "ए डमी" आधी बंद करा, तक्रारीच्या कमिटीची वाट बघू नका. तिच्या लाईनच्या लीडरला गाठा आणि स्पष्ट सांगा की उद्याच्या शिफ्टच्या सुरवातीच्या मीटिंगमध्ये हा विषय घे, तिचं नाव न घेता, "लाईनवर कुणालाही नावं ठेवून हाक मारायची नाही, परत ऐकलं तर लेखी जाईल" एवढंच. आमच्याकडे असलं एक टोपणनाव चिकटलं होतं एका मुलीला, ती नोकरी सोडून गेली, आणि वरच्यांना वाटलं घरच्या अडचणीमुळे गेली. मुलगा असता तर दोन शिव्या देऊन मोकळा झाला असता, अप्रेंटिस मुलगी काय बोलणार, तिच्यावर शेरा मारणारा उद्या तिचाच जॉब तपासणार असतो.

आयसी_मेंबर:

मी एका कंपनीच्या अंतर्गत समितीवर, म्हणजे बायकांच्या लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या कमिटीवर, बाहेरची सदस्य आहे. मुद्द्याचं सांगते.

तक्रार चालते. कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात लैंगिक शेरेबाजी हा छळाचाच प्रकार धरलाय, हात लावलाच पाहिजे असं नाही. कामाच्या जागी तिऱ्हाईत माणसांपासून सुद्धा बायकांना सुरक्षित ठेवणं ही मालकाची जबाबदारी आहे, ते कलम १९ मध्ये स्पष्ट आहे, आणि करणारा कंपनीचा नोकर नसेल तर बाईच्या इच्छेनुसार त्याच्यावर कारवाई सुरू करून देणंही त्यातच येतं. त्यामुळे "तो आमचा माणूस नाही" म्हणून एचआरला हात झटकता येत नाहीत. आणि अप्रेंटिस, ट्रेनी, कंत्राटी सगळ्या "कर्मचारी" मध्ये येतात, तिला हे आवर्जून सांगा, तिला वाटत असेल की आपण पर्मनंट नाही म्हणजे आपल्याला हक्कच नाही.

मुदत तीन महिने, घटनेच्या तारखेपासून. समितीला कारण पटलं तर अजून तीन महिने वाढवून मिळतात, पण त्या भरवशावर राहू नका. लेखी द्यायची, सहा प्रती. तिला स्वतःला जमत नसेल तर घटना माहीत असलेली व्यक्ती करू शकते, मात्र तिची लेखी संमती लागते, तिला न विचारता तिच्या नावाने काहीही देऊ नका. पण तुम्ही स्वतः त्या हॉलमध्ये होता, ते शेरे तुमच्याही कानावर पडले, तुमची स्वतःची तक्रार तुम्ही देऊच शकता.

लिहिताना "अश्लील बोलले" असं मोघम नको. वाक्य जसंच्या तसं, कुठल्या सत्रात, कुणासमोर, पुढे काय झालं. वर तुम्ही लिहिलंय तसंच लिहा, ते चांगलं लिहिलंय. आणि पुरावा कमी पडला म्हणून तक्रारदारावर कारवाई होत नाही, ती भीती फार जणींना असते. गुप्ततेचंही बंधन आहे, नावं बाहेर फोडता येत नाहीत.

फोरमन काका, पोटावर पाय वगैरे म्हणालात, पण हा माणूस महिन्याला किती कंपन्या फिरत असेल आणि प्रत्येक हॉलमध्ये अशी एक पोर चटईवर बसवत असेल त्याचा विचार करा. बाजूला घेऊन समज देणारा सिनियर आजवर कुणी मिळाला नाही म्हणूनच तो इतका बिनधास्त बोलतो.

रिटायर्ड_फोरमन:

मॅडम, नर्सबाईंचं वाचून मी माझं म्हणणं मागे घेतो. सर्टिफिकेट आहे आणि हात चालवता येत नाही, हे शॉपमध्ये सगळ्यात घातक. मी असतो तर त्याच मुद्द्यावर प्लांट हेडकडे गेलो असतो, की हे ट्रेनिंग आम्हाला मान्य नाही, पुन्हा नव्याने घ्या. तो मुद्दा सेफ्टी ऑफिसरलाही नाकारता येणार नाही, ऑडिटला त्यालाच उभं राहायचंय.

क्वालिटीवाली:

सगळ्यांचे मनापासून आभार. आज जेवणाच्या सुट्टीत त्या पोरीला हा धागाच वाचायला दिला. तिने अप्रेंटिस पण कर्मचारीच आहे हे दोनदा वाचलं. ती स्वतःच्या नावाने देणार म्हणतेय, मी माझी वेगळी देणार, दोन्ही एकदम देऊ. तिच्या लाईन लीडरशी बोलले, तो चांगला निघाला, त्याला हे टोपणनाव माहीतच नव्हतं. आणि प्लांट हेडना वेगळी मेल टाकतेय की ट्रेनिंग परत घ्या आणि डमीवर प्रत्येकाची प्रॅक्टिस झाल्याशिवाय सर्टिफिकेट नको.

नर्सताई, एक विचारायचं होतं, नवीन ट्रेनर ठरवताना कंपनीने त्याला आधी काय विचारावं? म्हणजे मेलमध्ये तेही टाकते.

स्टाफनर्स:

किती माणसांमागे एक डमी आणणार ते विचारा, सहापेक्षा जास्त असतील तर प्रत्येकाला धड हात मिळत नाही. बायकांच्या अंगाची डमी किंवा तसं जॅकेट आहे का विचारा, मिळतं ते. एईडीचा ट्रेनर पीस, म्हणजे सरावाचं मशीन, आणणार का. कुशीवर वळवायचं प्रात्यक्षिक स्वतःच्याच सहकाऱ्यावर दाखवायचं, क्लासमधलं कुणी स्वतःहून पुढे आलं तरच घ्यायचं. फीडबॅक ट्रेनर गेल्यावर, बिननावाचा. आणि शक्य असेल तर जोडीला एक बाई ट्रेनर मागा, आम्ही आहोत बऱ्याच जणी.